अर्ध्या हप्त्याची भानगड

जबाब

नाव: स्वरूपा बबनराव डोईफोडे, वय ३४ वर्षे, धंदा: नोकरी (चाकण येथील गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत तपासनीस), रा. फ्लॅट ४०२, चिखली, मूळ रा. जि. लातूर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. निरंजन पांढरे, रा. रहाटणी, याच्याशी माझा दोन वर्षांपूर्वी संमतीने घटस्फोट झाला. संसारातले क्रेडिट कार्ड माझ्या नावे होते व त्याच खात्यावरचे दुसरे कार्ड निरंजन वापरत असे. फ्रिज, गादी व महाबळेश्वरची सहल त्यावरच झाली. बँकेच्या लेखी कर्ज माझे एकटीचे आहे. तरी अर्धा हप्ता देण्याचे निरंजनने कबूल केले व आजवर एकदाही चुकवलेला नाही. पैसे फोनवरून पाठवता येतात. तो दर महिन्याला स्वतः आणून देतो. कारण मी विचारलेले नाही.

आज गुरुवारी कंपनीला सुट्टी असल्याने सकाळी अकराच्या सुमारास तो आला. मी पोहे टाकले होते. तेवढ्यात वसुली एजन्सीचा एक इसम जिन्यातूनच, "ओ चारशे दोन! पैसे बुडवून लपलात व्हय?" असे ओरडत आला. सगळा मजला दारात आला. मला फार लाज वाटली. मी पावत्या आणण्यास आत गेले. निरंजनने सदर इसमाच्या हातातली मोटारसायकलची चावी काढून घेतली व म्हणाला, "भाऊ, आधी मॅडमची माफी. मग चावी." हाणामारी झालेली नाही. शेजारच्या सुमनताईंनी पोलिसांना फोन केला.

पोलीस येईपर्यंत आम्ही इसमाची यादी पाहिली. फ्लॅट ४०२ बरोबर होता, इमारत शेजारची होती. इसमाने कान पकडले. निरंजनने चावी परत दिली. मी इसमालाही पोहे दिले. त्याने दोनदा घेतले.

ठाण्यात हवालदारसाहेबांनी, "हे तुमचे कोण?" असे विचारले. मी "माजी पती" असे सांगितले. निरंजन म्हणाला, "साहेब, हप्त्यातला भागीदार लिहा." मला हसू आले.

सदर इसमाविरुद्ध माझी तक्रार नाही. निरंजनविरुद्धही नाही, होत्या त्या कोर्टात मिटल्या. शेवटचा हप्ता पुढील महिन्यात आहे. त्यानंतर निरंजनने माझ्या घरी येण्याचे कारण उरत नाही. तरी तो आल्यास माझी हरकत नाही.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. शेवटचे वाक्य खोडायचे का, असे विचारण्यात आले. मी नको म्हणाले.