तबकडीतला म्हातारा

...आणि वर मलाच बजावतात, फडकं लांब ठेव म्हणून! आता धूळ काय माझ्या माहेरून येते का हो? बैठकीची अख्खी भिंत ह्यांच्या रेकॉर्डींनी भरलीय, त्या काळ्या तबकड्या, आणि त्यासुद्धा कसल्या, तर आफ्रिकेतल्या जुन्या नाचाच्या गाण्यांच्या! माणूस आयुष्यभर पाण्याचे मीटर तपासत हिंडला, स्वतःच्या लग्नातसुद्धा पाय हलवला नाही, आणि निवृत्त झाल्यावर नाद कसला लागला, तर नाचाच्या गाण्यांचा. ऐकतात कसे, तर खुर्चीत ताठ, हात मांडीवर, दाढ काढायला नंबर लावून बसल्यासारखे. पण बोलायची सोय आहे का?

तुम्हाला सांगते, बाकीच्या रेकॉर्डी मलाही आवडतात. ती गिटार अशी काही खळखळते, वर ढोल, मध्येच ट्रम्पेटवाला हौस भागवून घेतो... भांडी घासता घासता कंबर आपोआप हलते. माझं वाकडं आहे ते एकाच रेकॉर्डशी. जुन्या बाजारातून उचललेली, ना वेष्टन, ना मधला छापील कागद, ओल लागून सगळं सुटून गेलेलं. तिच्यात एक म्हातारा गातो. गातो कसला, कण्हतो! "ओऽऽऽ माऽऽऽ..." ढोलाचा एक ठोका पडला की दुसरा पडेपर्यंत माझी भाजी चिरून होते. आणि आमचे हे डोळे मिटून मला समजावतात, "कोळी आहे तो. मुलगा समुद्रात गेलाय त्याचा, त्याला हाका मारतोय." मी विचारलं, भाषा कळते का तुम्हाला? तर म्हणे दुःखाला भाषा लागत नाही. घ्या!

आणि मग चष्मा काढून डोळे पुसतात. आता सासूबाई गेल्या ना, तेव्हा ह्या माणसाने टिपूस गाळलं नव्हतं, नुसते सगळ्यांना चहा देत फिरत होते. ते साठलेलं सगळं ह्या म्हाताऱ्यापाशी बाहेर येतं. मग मी काय बोलणार? बोलायची सोय आहे का?

तर मध्यंतरी एकदा काय झालं, हे दूध आणायला खाली गेले, म्हातारा तसाच कण्हत ठेवून. मी धूळ पुसत होते आणि फडक्याचा धक्का लागला यंत्राच्या बाजूच्या खटक्याला. तो खटका वेगाचा. छोटी रेकॉर्ड पंचेचाळीसवर लावायची म्हणजे ती भरभर फिरते, आणि मोठी तेहतीसवर, हळू, हे ह्यांचं शास्त्र. खटका पडला पंचेचाळीसवर आणि... अहो, म्हाताऱ्याची पोरगी झाली! विशीतली असेल, खिदळत गातेय, मागे गिटार सुसाट, बाया टाळ्या पिटतायत! कसला कोळी आणि कसला समुद्र! रेकॉर्ड मोठी असली तरी पंचेचाळीसचीच होती! मी फडकं खांद्यावर टाकलं आणि, तुमच्यापासून काय लपवायचं, नाचले. सोफ्याला वळसे घालून नाचले. जिन्यात चपला वाजल्या तशी खटका परत तेहतीसवर. हे आत आले, माझे डोळे बघितले, आणि हळूच म्हणाले, "बघ, तुलाही रडवलं ना त्याने." नाचून धाप लागून डोळ्यांत पाणी आलं होतं हो माझ्या!

सांगणार होते, देवाशप्पथ सांगणार होते. पण रविवारी ह्यांची रेकॉर्डवाली मंडळी यायची होती आणि हे आठवडाभर आरशासमोर भाषण घोकत होते, विषय काय, तर म्हाताऱ्या कोळ्याचा विलाप. मी आडून आडून विचारलं, ही जरा भरभर फिरवून बघितली तर? असं बघितलं माझ्याकडे, की मी सरळ कणीक मळायला घेतली. रविवारी मंडळी आली. त्यात एक दाढीवाले, सगळ्यांचे गुरू. म्हटलं, दाढीवाले आता चूक पकडणार, आणि भर मंडळींत ह्यांचं हसं होणार. हातात ट्रे धरून दारातच उभी राहिले. म्हातारा कण्हला, कण्हला, एकदाचा संपला. दाढीवाल्यांनी डोळे उघडले, तर ओले! म्हणाले, "वहिनी, ह्या माणसाने फार सोसलंय." मी म्हटलं, हो ना, आवाजातच कळतं. दुसरं काय बोलणार, बोलायची सोय आहे का?

मंडळी गेल्यावर हे कपबशा विसळायला आत आले, कधी नव्हे ते. म्हणाले, "एक सांगू? मी गेलो ना, की हीच लाव. बाकी काही नको." काही झालं तरी आपलं माणूस हो. म्हटलं, लावीन. मनात म्हटलं, लावीन, पण पंचेचाळीसवर, एकदा तरी ह्यांच्यासमोर ती पोरगी खरी गाऊ दे. तर हे माझा ओला हात धरून म्हणतात, "आणि तू आधी गेलीस, तर मी तुझ्यासाठी लावीन."

म्हणजे तेहतीसवर! मी तिथे आडवी, उशाशी तो म्हातारा कण्हतोय, आणि उठून खटकासुद्धा दाबता यायचा नाही मला! तेव्हापासून बघा, मीठ कमी केलंय, गोळ्या वेळेवर घेते, सकाळी उठून फिरायला जाते. हे येईल त्याला कौतुकाने सांगतात, आमच्या हिला अलीकडे जगण्याची गोडी लागलीय. गोडी कसली लागतेय... ह्यांच्यापेक्षा एक दिवस तरी जास्त जगायलाच हवं मला, दुसरा काही इलाज आहे का?