अहो, आता सांगा

नाही हो ताई, वेड नाही लागलं मला — बसा, बसा, ही पायरी कोरडी आहे — आनंदानं हसतेय मी! आमच्या ह्यांचा दहावा आज. ती बघा, पलीकडे आमचीच माणसं, आणि डोळे वटारतेय ना, ती प्रतिभा, माझी नणंद. तिनंच मला इकडे पिटाळलं — वहिनी, लोक बघतायत, खिदळतेस काय! खिदळू नको तर काय करू? कावळा शिवला की हो! असा झपकन!

हे इतिहासाचे मास्तर. जन्मभर मी ह्यांना विचारत आले, माझ्याबरोबर सुखी आहात ना? साधं हो म्हणायला काय जातं माणसाचं? तर नाही! म्हणायचे, ग्रीस देशात एक शहाणा होऊन गेला, त्यानं मोठ्या श्रीमंत राजाला तोंडावर सांगितलं, शेवट बघितल्याशिवाय कुणाला सुखी म्हणू नये, नशीब कधी फिरेल नेम नाही — तेव्हा शेवट झाला की विचार! आणि मिशीत हसायचे. चहा जमला तरी तो ग्रीक, पोळी करपली तरी तो ग्रीक, असा संसार केलाय मी.

मग आज विचारलंच! पिंड मांडलेला, कावळे सगळे भिंतीवर, एक हलेल तर शपथ. दीर म्हणाले, दादा, वहिनीला सांभाळू. प्रतिभा म्हणाली, तुझी पुस्तकं वाचनालयाला देऊ — ढिम्म! शेवटी मीच पुढे झाले, हात जोडले, म्हटलं, अहो, झाला ना शेवट? आता सांगा! — आणि तो लंगडा थेट भातावर!

लंगडा ते कसं ठाऊक? म्हणजे... थोडा ओळखीचा आहे. प्रतिभाला नका हं सांगू. आम्ही इथलेच, पंचवटीतले — हे गेल्यापासून रोज सकाळी दूध आणते सांगून यायची, त्याला शेव घालायची. हाक काय मारणार कावळ्याला? इतकी वर्षं जी मारली तीच तोंडात आली — अहो! — आणि यायला लागला की! भीती वाटत होती हो. नसता शिवला तर सगळे म्हणाले असते, बायकोनं सुख दिलं नाही. मलाही तेच वाटत राहिलं असतं. पण आज शेव नव्हती, ताई! नुसता भात! तरी आला! म्हणजे होते ना सुखी? होतेच!

काय म्हणालात? मी? मी होते का...

माझं काय विचारता, माझा कुठे शेवट झालाय अजून! उठा, उठा तुम्ही, तुमची माणसं कधीची हाका मारतायत.