यशोदाअक्कांनी गहू घराबाहेर काढला

...आणि वर त्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या असतील? पोळी बंद! अहो, कोणाची? यशोदाअक्कांच्या सुनेची! तुम्हाला सांगतो, आमच्या असोद्यात दुसऱ्या कुणाच्या सुनेला असं सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण अक्का म्हणजे... लग्नसराईत खापरावरचे मांडे करायला आजूबाजूची गावं ज्यांना गाडी पाठवतात, ज्या पुरणाचा गोळा भरून मांडा कोपरापर्यंत हातावर खेळवतात आणि न फाटता खापरावर टाकतात, त्या अक्का! माणूस दारात आलं की आधी ताट आणि मग चौकशी, असा त्यांचा कारभार, आणि त्यांच्याच सुनेला गहू चालायचा नाही!

मयुरी धुळ्याची. पोरगी गुणी, पण अंगात जीव म्हणून नाही. दिवस गेले तेव्हा अक्कांनी हात आखडला नाही. सकाळी गव्हाची खीर, दुपारी तुपातली पोळी, संध्याकाळी शेवया. आणि ही पोरगी जेवली की पोट धरून बसायची. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, तोंड आलेलं, रक्ताच्या गोळ्या गिळूनही रक्त वाढेना. अक्कांना वाटलं, खाणं कमी पडतंय. आणखी वाढलं. मयुरी म्हणायची, नको आई. अक्का म्हणायच्या, "एवढ्याशानं काय होतंय?" आणि ते एवढंसं म्हणजे, तुम्हाला सांगतो, तुमचं-माझं दोन वेळचं जेवण!

मग जळगावला सोनोग्राफीत कळलं की बाळाची वाढ मागे पडलीय. तेजसचा, म्हणजे अक्कांच्या लेकाचा, चेहरा उतरला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पुढच्या तपासण्या झाल्या आणि सांगितलं की याला सीलिॲक म्हणतात. गव्हातलं एक प्रथिन हिच्या आतड्याला सोसत नाही, त्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नाही, आईच्या नाही तर बाळाच्या कुठून लागणार? गहू, मैदा, रवा, जव, सगळं बंद, आणि बाळंतपणापुरतं नाही, जन्मभर. अक्कांनी विचारलं, बाई, सणासुदीला घासभर? एवढ्याशानं काय होतंय? तर बाई म्हणाल्या, एवढ्याशानंच होतं.

आता आला का प्रश्न! पण अक्काही अक्काच. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, भरीत, भात, वरण... घरात गव्हाचा दाणा दिसेना. सगळं घर भाकरीवर आलं. तेजसनं डब्यात पोळी मागितली तर अक्कांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कोरडा भात घेऊन कामावर गेला.

आणि एवढं करून काय? पुढच्या खेपेला मयुरीचं वजन तिथंच! पोट तसंच! अहो, आता संशय येणार नाही का माणसाला? अक्कांना वाटलं, ही गुपचूप खारी-टोस्ट खात असणार. आधी कपाट पाहिलं, मग गादीखाली पाहिलं, आणि काहीच सापडेना तेव्हा सरळ तोंडावर विचारलं, "पोरी, खरं सांग मले, चोरून खाती का तू?" मयुरी ताटातली भाकरी तशीच ठेवून आत निघून गेली. पोटुशी बाई उपाशी उठली, आणि अक्कांच्या घरात असं कधी झालं नव्हतं. अक्कांनी स्वतःचं ताटही झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पुन्हा जळगाव. डॉक्टरीणबाईंनी एकेक पदार्थ विचारायला घेतला. भाकरी कशाची, पीठ कुठून आणता, वरणाला फोडणी कशाची? इथं अक्का खुशीत आल्या. म्हणाल्या, बाई, हिचं पोट धरतं ना, म्हणून मी हिंग वाढवलाय, वरणात हिंग, ताकात हिंग, भाकरीच्या पिठातही चिमूट टाकते. बाईंनी पेन खाली ठेवलं. "अक्का, बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं."

तुम्हाला सांगतो, सगळा गहू दारातून हाकलला आणि औषध म्हणून तोच चिमटीनं घातला! पोरीचं जेवढं दुखलं तेवढा हिंग वाढला, जेवढा हिंग वाढला तेवढं दुखलं, आणि चोर ठरली कोण, तर ती पोरगी!

परतीच्या एसटीत मयुरी खिडकीशी आणि अक्का शेजारी. गाव यायच्या आत अक्का म्हणाल्या, "मले वाटलं तू चोरती. चुकलं माझं." मयुरी म्हणाली, "आई, मलाही वाटायला लागलं होतं की माझंच काही चुकतंय." आणि दोघी अशा रडल्या की कंडक्टरनं तिकीट मागायचं सोडून पाणी दिलं.

मग काय! हिंगाची डबी उकिरड्यावर, मसाल्याचा डबा राखेनं घासला. पोळपाट, लाटणं, पोळीचा तवा, सगळं उचलून गोठ्याच्या पडवीत. आणि गिरणी! पितांबरच्या गिरणीत रीत काय, तर गव्हावर गहू आणि ज्वारीवर ज्वारी. पण आत चिकटलेलं आधीचं पीठ कुठं जाईल? अक्का म्हणाल्या, जातं उघड आणि धू. पितांबर म्हणाला, अक्का, चिमूटभर असेल, एवढ्याशानं काय होतंय? बिचारा. त्यानंतर अर्धा तास त्यानं जे ऐकलं ते तो अजून कोणाला सांगत नाही. शेवटी तेजसनं घरघंटी आणली, नि तिच्यात गव्हाचा दाणा पडायचा नाही अशी अक्कांनी शपथच घातली.

आणि हळूहळू पोरगी जेवायला लागली हो! तोंड बरं झालं, गालावर रंग आला, बाळानं वाढ भरून काढायला घेतली. अक्का भरिताच्या वांग्यांची पिशवी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "बाई, माझे दोन जीव तुम्ही राखले." बाई म्हणाल्या, राखले तुमच्या भाकरीनं. अक्का ते अजून ज्याला त्याला सांगतात, मला तर पाठच झालंय.

पण खरी गंमत पुढंच. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरचं, हे काय सांगायला हवं? मयुरीच्या आई, ललिताबाई, धुळ्याहून न्यायला आल्या. सोबत शेवया, करंज्या, रव्याचे लाडू... मायेनंच आणलेलं. अक्कांनी डबे पडवीतच थांबवले. ललिताबाई म्हणाल्या, लेक माझी आहे, एवढ्याशानं काय होतंय? अक्का काही बोलायच्या आत मयुरीच पुढं झाली. म्हणाली, "आई, मी इथंच राहते. इथं मी ताटात काय आहे ते न विचारता जेवते."

अक्का पदर डोळ्याला लावून चुलीकडे वळल्या. सासरी बाळंतपण! गावानं तोंडात बोटं घातली. पण झालं, छान झालं. नात झाली, गुटगुटीत. अक्कांनी सगळ्या देवांना, डॉक्टरांना आणि एसटीच्या कंडक्टरलाही पेढे दिले.

आणि लेक येत नाही म्हटल्यावर आई काय करणार? ललिताबाईच बिछाना घेऊन असोद्याला आल्या. पहिल्या रात्री अक्कांनी कौतुकानं कळण्याची भाकरी वाढली. विहीणबाईंनी ताट हळूच सरकवलं. "माले भाकर पचत नही, विहीणबाई. पोट फुगस."

अक्कांच्या ओठावर ते वाक्य आलं होतं. तुम्हाला सांगतो, आलं होतं! पण ते वाक्य आता त्या बोलत नाहीत. रोज दोन्ही वेळा पडवीत बसतात, गोठ्याशेजारी, धुरात डोळे चोळत विहीणबाईंसाठी पोळ्या लाटतात, मग नखापर्यंत हात धुतात, लुगडं बदलतात आणि तेव्हा कुठं स्वयंपाकघरात पाय ठेवतात. काल मी विचारलं, काय अक्का, इथं कशा? तर म्हणाल्या, "काय करता भाऊ, गहू घराबाहेर काढला मी, अन् आता गव्हासंगं मीच बाहेर."