वाडीतलं कांगारू कोर्ट

आन् मारलं कशानं, तर म्हणं केरसुणीनं! दगडानं मारलं असतं तर चाललं असतं का ह्यांना? सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झालेली, अंगणवाडीची ताई पोरं आत घेत व्हती, आमची नंदू उंबऱ्यावर बसून दूध-भाकरीचा काला खात व्हती, आन् माझ्या हातात त्या टायमाला केरसुणी व्हती. तलवार कुठनं असणार? मी झाडत व्हते.

तुमाला सांगते, मधी थांबवू नका मला. तुमी पलूसच्या बाया, माझ्या माहेरच्या, म्हणून तुमच्याजवळ बोलते. तिकडं सासरी दीड महिना झाला माझ्याशी कुणी बोलत न्हाई. नुसतं साठलंय, उन्हाळ्यातल्या दुधावानी... नासायच्या आत ओतते. आन् गोष्टीचं मूळ आधीच सांगून ठेवते: चुलवाण आधीच पेटलेलं व्हतं. कुठलं चुलवाण, ते येतंय फुडं.

तर मेंढा. आमची वाडी आटपाडीच्या पल्याड, माळावर. तिथं बिरोबाच्या नावानं एक मेंढा सोडायची रीत हाय. सोडला की तो देवाचा. त्याला बांधायचं न्हाई, हाकलायचं न्हाई, दारात आला की मूठभर दाणं फुडं करायचं. आमच्या मेंढ्याचं नावच पडलेलं 'सरकार'. गळ्यात पितळंची घाटी, म्हंजे घंटा वो, चार घरं लांबनं ऐकू यायची. घाटी वाजली की नंदू पळत बाहीर.

आन् सरकार खायाचा कुणाचं? समद्यांचं. पर त्याची खरी माया दादासोंच्या डाळिंबावर. दादासो म्हंजे वाडीचे पंच, देवळाचे कारभारी, दूध डेरीचे चेरमन, समदं एकाच माणसात. सरकार त्यांच्या नव्या डाळिंबाचं शेंडं खुडायचा आन् दादासो बांधावर हात जोडून हुबं. 'खा देवा, खा. तुजंच हाय.' तोंडानं देवा म्हणायचे, पर डोळं... मी एकदा ते डोळं बघितलं आन् का कुणास ठाव, नंदूला पदराखाली घेतलं.

त्या सकाळी सरकारनं काल्यात तोंड घातलं, नंदूनं ताट वढलं, तर त्यानं दिली की धडक. पोर उंबऱ्यावरनं खाली. कपाळाला हे एवढं टेंगूळ. आईचा हात इचारून उठतो का? दोन तडाखं दिलं. तो गेला घाटी वाजवत दादासोंच्या मळ्याकडं. आन् दुपारपासनं घाटी वाजली न्हाई.

न्हाई म्हंजे न्हाईच. दुसऱ्या दिवशी बी न्हाई, तिसऱ्या बी न्हाई. आधी कुणाच्या ध्यानात आलं न्हाई, मग समद्यांच्याच कानाला ती शांतता टोचाय लागली. मी नळावर गेले की बाया अर्ध्या घागरी उचलून चालाय लागायच्या. कुणाची बोअर आटली, सरकार रुसला. कुणाची म्हस गाभडली, सरकार रुसला. एकाच्या जावयाची मोटरसायकल कराडला चोरीला गेली, ती बी माझ्या केरसुणीनं.

मग आला बैठकीचा सांगावा. रविवारी सकाळी, देवळाफुडं. आमचे मालक ट्रकवर, सुरतेकडं. घरात मी आन् सासूबाई, भामाबाई. त्या म्हणाल्या, खाली मान घालून हुबी ऱ्हा, इचारतील त्येला व्हय म्हण. मी म्हणलं, आवं आत्याबाई, काय इचारतील ते तर कळू द्या. तर म्हणाल्या, इचारत न्हाईत, सांगत्यात.

मी गेले नंदूला कडेवर घेऊन. वाटंनं मनात जुळवत चाललेले, आधी टेंगूळ दाखवायचं, मग पाया पडायचं, मग म्हणायचं की चुकलं, पर पोरीला लागलं व्हतं. देवळाचा कोपरा वळले तर काय? चुलवाण पेटलेलं. आमच्यात दोषी ठरला की त्यानं गावाला मटणाचं जेवण घालायचं असतं, दंड म्हणून. आवं, बैठक बसायची हाय, गुन्हा काय ते कुणी सांगितलं न्हाई, माझं तोंड उघडायचं हाय, आन् माझ्या दंडाची भगुली चढलेली! मसाल्याचा वास पार येशीपतुर. वाढपी पोरं पत्रावळ्या फुसत व्हती.

दादासोंचे चुलतभाऊ आप्पासो म्हणाले, चला, आटपा, रस्सा आटतोय. झाली बैठक सुरू.

फिर्याद कुणाची? दादासोंची. साक्ष कुणाची? त्यांचीच, मळ्याच्या वाटंवरनं बघितलं म्हणं. आन् न्याय कोण करणार? दादासोंनी घसा खाकरला, टोपी नीट केली, आन् बसल्या दगडावरनं उठून शेजारच्या दगडावर जाऊन बसले. तो न्यायाचा दगड. तुमाला सांगते, एकच माणूस, जागा तेवढी बदलायची, आन् प्रत्येक जागंवर त्येचंच खरं.

मी म्हणलं, 'दादासो, माझं जरा ऐकून घेता का?'

तर ते चिडले न्हाईत बरं का. चिडले असते तर बरं वाटलं असतं. मायेनं म्हणाले, 'पोरी, ऐकायचं असतं तर चुलवाण पेटवलं असतं का?'

आन् निकाल दिला. मेंढा येशीत परत येईस्तवर ह्या घराशी कुणी बोलायचं न्हाई, ह्यांचं दळाण दळायचं न्हाई, दूध डेरीत घ्यायचं न्हाई, आन् ह्यांच्या पोरीसंगं कुणी आपली पोरं खेळवायची न्हाईत. दळणाचं मी सोसलं, दुधाचं सोसलं... पोरीसंगं म्हणले आन् मी नंदूला घट्ट धरलं. चार वर्साची ती. तिला काय सांगू मी, कट्टी कुणी घेतली?

पर येडी बघा मी. मनाला म्हणलं, मेंढा येईल की. चार दिवस माळावर भटकंल, भूक लागली की येईल. निकालात सुटायची वाट ठेवलीया, देवमाणूस हाय बिचारा.

पंगत बसली. वाढप झालं. नंदू कवा माझ्या कडेवरनं उतरली, मला कळलं न्हाई. आन् घाटी वाजली.

बसका आवाज, पर घाटीच. समदी पंगत मान वळवून माळाकडं बघाया लागली. कोण तरी म्हणलं, आला, सरकार आला. मी तर हात जोडून हुबी राहिले. आन् चुलवाणाच्या मागनं आली नंदू. हातात काळीकुट्ट झालेली घाटी. मी पहिलं तिचं हात बघितलं, भाजलं का. मग घाटी बघितली.

'नंदे, कुठनं आणलीस गं?'

'चुलीच्या राखंतनं.'

तुमाला सांगते, समद्या पंगतीनं ऐकलं. घास हातातला हातात. सासूबाईंनी नळी चोखाय धरलेली, ती तशीच तोंडाफुडं. कुणी आपल्या पत्रावळीकडं बघंना, कुणी शेजाऱ्याकडं बघंना. चुलवाणातलं लाकूड तेवढं तडतडत व्हतं. मला वाटलं, आता उठंल. एवढ्या पंगतीतनं एक तरी माणूस उठंल.

दादासोंनी तोंडातला घास सावकाश चावून संपवला. पाणी प्याले. आन् म्हणाले, 'बगा. घाटी कुनाच्या पोरीकडं घावली?'

आन् पंगत परत जेवाय लागली वो. आप्पासोंनी तर रस्सा मागून घेतला.

मी घरी येऊन शबानाला फोन लावला. शबाना माझ्या बाकावरची, हितल्याच शाळंतली. सातवीला माझी शाळा सुटली, ती शिकत गेली, आता इस्लामपुरात वकील हाय. तिनं समदं ऐकलं आन् म्हणली, 'सोनिया, ह्याला कांगारू कोर्ट म्हणतात.'

मी म्हणलं, कांगारू? भूगोलाच्या पुस्तकातला, पोटाला पिशवीवाला? त्या मुक्या जनावरानं कुणाचं काय वाकडं केलं? तर म्हणली, कांगारूच्या देशाचा ह्यात काही संबंध दिसत न्हाई. शब्द निघाला अमेरिकेत, पावणेदोनशे वर्सं तरी झाली. निकाल आधी ठरवायचा आन् सुनावणी नावाला घ्यायची, त्या कोर्टाला म्हणायचं. म्हंजे चुलवाण आधीच पेटलेलं, असंच ना? व्हय म्हणली, असंच.

पर कांगारूच का? तर ते धड कुणालाच ठाव न्हाई! कुणी म्हणतं, ते पुराव्यावरनं टुणकन उडी मारून निकालावर जातंय म्हणून. कुणी म्हणतं, तिकडं जमिनीत सोनं घावलं तवा एकाच्या जागंवर दुसरा उडी टाकून बसायचा, त्यांचा निवाडा रानातच उरकायचे म्हणून. कुणी म्हणतं, न्याय करणारा कुणाच्या तरी पिशवीत असतो म्हणून. बघा, त्या नावाचा सुदीक निकाल लागलेला न्हाई, आन् माझा बसल्या बैठकीत लागला. मला तर त्यातली पिशवीच पटली. मला असती तर नंदूला आत घातली असती, आन् पार समिंदरापल्याड...

जाऊ द्या. शबाना म्हणली, वाळीत टाकणं गुन्हा हाय, कायदा हाय तसा, तक्रार दे, मी हाय. साक्षीला कोण? मी म्हणलं, अख्खी वाडी व्हती. बोलतील का? मी म्हणलं, जेवल्यात ते. बरं, पुरावा काय? मी म्हणलं, तोच जेवल्यात. तिनं तेच परत इचारलं, पुरावा जेवल्यात? वकिलानं तेच दुसऱ्यांदा इचारलं की लय भ्या वाटतं बघा. तिकडचं कांगारू निदान पुराव्यावरनं उडी तरी मारतंय. आमच्याकडं पुरावा वाढला, वर लिंबू पिळलं.

घाटी दादासोंनी ठेवून घेतली. जत्रंला नवा मेंढा सोडणार हायत. मी सासूबाईंकडनं इचारलं, मग तो आला की सुटले का मी? तर सांगावा आला, निकाल जुन्या मेंढ्याचा हाय.

आन् नंदू आता एकटीच खेळती. परवा अंगणात दगड मांडून बसली. या दगडावरनं उठायची, त्या दगडावर बसायची. समोर भावली हुबी केलेली. मी दारात थांबून ऐकलं. भावलीला म्हणती, 'तू काय बी बोलू नगं. चुलवाण पेटलंय.'

उद्याच्या एसटीनं परत जायचंय मला. तर बायांनो, माझं एवढं काम करा. बाजाराला जाल, कराडला जाल, कुणाच्या लग्नाला जाल, तिथं सांगा. पांढरा मेंढा, डाव्या कानाला चीर, गळ्यात घाटी न्हाई. कुणाला दिसला तर आमच्या वाडीच्या येशीत आणून सोडा. तो कुठं गेला ते मला ठाव हाय, वाडीला ठाव हाय. पर निकालात 'परत येईस्तवर' म्हणलंय. तवा तुमी आपलं फुडं सांगत ऱ्हावा.