पाठमोरी

नवऱ्यामागं एकटी राहिलेली सोनाबाई कामासाठी सोलापूरच्या कचेरीत येऊन बाकावर बसली होती. समोरच्या भिंतीवर मोठ्या दुष्काळात तलाव खोदणाऱ्या मजुरांचं नवं चित्र रंगवलं होतं. त्याच्यापुढं एक अनोळखी म्हातारी आणि एक पागोटेवाला बोलत उभे होते.

“ती पाटीवाली माजी आई हाय.”

“मावशी, ती तर पाठमोरी हाय. तोंड कुटं दिसतंय?”

“म्हनून तर वळखली. मी खाली पोरांत बसायची. ती माती घिऊन बांधावर चढायची. दिसभर तिची पाठच बघायची मी.”

“आन उतरताना?”

“पल्याडनं उतरायची.”

“रातच्याला तरी बगितलं असंल की.”

“अंधारात काय दिसतंय? दिव्याला त्याल कुटलं? मग पटकीची साथ आली, त्यात ती गेली. तोंड काय आठवंना बगा. लई आठवून बगितलं.”

“चला, आज भेटली म्हना की.”

“कुटली भेटली, बाबा? मगाधरनं हळूच हाक मारतीया. वळंना की.”



शिपायानं सोनाबाईचं नाव पुकारलं. ती उठली, पण आत गेली नाही. म्हातारीशेजारी जाऊन चित्राकडं बघत उभी राहिली.