बिनहळदीची भगर

शारदा : आत्याबाई, पाय असा पाटावर घ्या. फडकं जखमेला चिकटलंय, कोमट पाण्यानं भिजवून काढते. दुखलं तर सांगा.

सरस्वतीबाई : दुखत न्हाई. तू चुलीकडं बघ, भगर तळाला लागंल.

शारदा : उतरवलीय मी ती. दुखत न्हाई हेच वाईट, म्हणाले डॉक्टर. बोट काळं पडायलंय आणि तुम्हाला कळंना.

सरस्वतीबाई : हुमनाबादच्या त्या डॉक्टरचं काय सांगतीस. लघवी मागितली त्यानं मला. म्हाताऱ्या बाईला.

शारदा : तुमच्यासमोरच निळ्या औषधात उकळून दाखवली की. विटेसारखी लाल झाली. साखर वाढली आहे, म्हणून जखम भरंना. अशीच राहिली तर बोट कापावं लागंल, म्हणाले.

सरस्वतीबाई : आणि भगर चांगली म्हणला, ते न्हाई सांगायलीस. हलकी असती, पोट भरलेलं राहतं, साखर सावकाश चढती, भातापरीस बरी. मला हसू आलं तिथंच. चार वर्षं झाली बाबा, म्हणलं, मी दुसरं काय खायलेय?

शारदा : भगरीला त्यांनी नाव ठेवलंच न्हाई. भगरीसंगं जे जे पोटात जायलंय त्याला ठेवलं. साबुदाणा, रताळं, बटाटा, खजूर, गूळ. हे सगळं बंद.

सरस्वतीबाई : मग उपासाच्या बाईनं खावं काय? चुलीतली राख?

शारदा : भगरच खायची. पण तिच्यात मूठभर मुगाची डाळ घालायची, मेथी चिरून घालायची. शेपू, दोडका, जे मिळंल ते. रोजच्या जेवणासारखी करा आणि रोज खा, म्हणाले.

सरस्वतीबाई : व्हय. आणि वरून हळद, मोहरी, हिंग. मग उपास कुठं ऱ्हायला शारदे?

शारदा : शेजारची गंगव्वा रोजच खाते की. तिच्या घरी कसला उपास न् कसलं काय. ऊदलू म्हणते ती भगरीला. डाळ घालून पिवळीधमक करते, लसणाची फोडणी देते. तिची सासू ह्या वयात डोक्यावर गवताचा भारा घेऊन येते.

सरस्वतीबाई : गंगव्वाची सासू देवापुढं हात जोडून काही बोललेली न्हाई. मी बोललेय. भीमसेन माझ्यासमोर पाटावर बसंल, माझ्या हातची भाकरी मोडंल, तवाच मी धान्य तोंडात घालीन. तू होतीस की तिथं. तुझ्याच हातात निरांजन होतं.

शारदा : होते.

सरस्वतीबाई : मग कशाला पुन्हा पुन्हा तेच काढायलीस? निजामाशी लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलेलं पोर हाय माझं. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आळंदकडची किती पोरं उशिरा उशिरा घरी आली. एक तर म्हणे पार नागपूरला राहत होता. मी आज भगरीत हळद टाकली तर काय अर्थ व्हतो त्याचा? माझं पोर येत न्हाई, असं मी माझ्या तोंडानं म्हणल्यासारखं व्हतं. बोट गेलं तर जाऊ दे. एका बोटावाचून काही अडत न्हाई माझं.

शारदा : बोटावर थांबत न्हाई ते. मी डॉक्टरांना बाहेर विचारलं.

सरस्वतीबाई : तुला कुणी सांगितलं होतं विचारायला?

शारदा : आत्याबाई, ते येत न्हाईत.

सरस्वतीबाई : कोण?

शारदा : हेच, तुमचा लेक. येणार न्हाईत.

सरस्वतीबाई : तोंड सांभाळ. कपाळाला कुंकू लावून असलं बोलायलीस?

शारदा : दिवाळीत किशनराव आले होते आपल्याकडं. कॅम्पात यांच्यासोबत होते ते. आठवतं?

सरस्वतीबाई : न आठवायला काय झालं. गरम भाकरी वाढली मी त्याला. एकच खाल्ली. पोटात जागा न्हाई म्हणला.

शारदा : सांगायलाच आले होते ते, एवढ्या वर्षांनी धीर करून. तुम्ही समोर सुपात भगर निवडत बसला होता. आज कसला उपास, असं विचारलं त्यांनी. तुम्ही म्हणालात, भीमा आला की त्याच्यासंगं भाकरीनंच सोडणार. मग त्यांनी दुसरी भाकरी घेतली न्हाई. जाताना विहिरीवर मला गाठलं आणि सांगितलं.

सरस्वतीबाई : काय सांगितलं?

शारदा : ॲक्शनच्या आधीच्या पावसाळ्यात भीमा नदीला पूर होता. अफजलपूरच्या खालच्या अंगाला हे सगळे वेताच्या हरगोलातून, टोपलीसारख्या गोल नावेतून, नदी उतरत होते. मधल्या धारेत तो उलटला. किशनरावांनी यांचा हात धरला होता. सुटला.

सरस्वतीबाई : भीमाला पोहता येत होतं.

शारदा : येत होतं. पाणी पोहण्यासारखं नव्हतं.

सरस्वतीबाई : पुढं कुठं तरी काठाला लागला असंल.

शारदा : लागले, आत्याबाई. किशनरावांनीच अग्नी दिला.

(शारदा नवं फडकं फाडून पायाला बांधते.)

सरस्वतीबाई : दिवाळीपासून तुला ठाऊक हाय.

शारदा : आहे.

सरस्वतीबाई : आणि रोज सकाळी माझ्यासमोर आरसा धरून कुंकू लावायलीस.

शारदा : लावलं. तुमच्या जिवासाठी गप्प बसले म्हणलं तर अर्धंच खरं व्हईल. मलाच पुसायचं नव्हतं. तुमचा उपास चालू होता तवर मला लावता येत होतं. भावकीतलं कुणी बोललं की, आई वाट बघायलीय अजून, एवढं म्हणलं तरी भागत होतं.

सरस्वतीबाई : आता भावकीतले येतील दारात. तुझ्या बांगड्या फोडायला.

शारदा : येतील.

सरस्वतीबाई : मग कामून सांगितलंस? एवढे दिवस झाकलंस, अजून झाकायचं होतंस.

शारदा : बोट काळं पडलं म्हणून. हे तर गेलेच. तुम्ही गेलात तर मला कोण आहे ह्या घरात?

सरस्वतीबाई : माझ्या भावाची लेक तू. मीच हट्टानं मागून आणली. तुझा बाप अच्युत म्हणत होता, पोरगी लहान हाय, थांब दोन वर्षं. मी थांबले न्हाई. घरात लवकर सून पाहिजे होती मला.

शारदा : मला तुमच्याकडं यायचंच होतं, आत्या.

सरस्वतीबाई : रडू नको. चुलीत धग हाय का?

शारदा : आहे. निखारा आहे.

सरस्वतीबाई : भगरीला फोडणी दिलीस?

शारदा : अजून न्हाई. तूप-जिऱ्याची द्यायची आहे.

सरस्वतीबाई : नुसत्या जिऱ्याची नको. फळीवरचा मोहरीचा डबा काढ. डाळ आता शिजायची न्हाई, ती उद्या बघू. मेथी हाय ना घरात?

शारदा : गंगव्वानं सकाळी दिलेली जुडी आहे.

सरस्वतीबाई : चीर ती. आणि हे बघ, उपास माझा होता, तो मी सोडला. तुझं कुंकू तुझं हाय. ठेव न्हाई तर पूस, तुझ्या मनानं कर. दारात कुणी आलं तर ह्याच पायानं उठून मी उंबऱ्यात उभी ऱ्हाईन. माझ्याशी बोला म्हणीन.

शारदा : ऐकतील?

सरस्वतीबाई : न ऐकू देत. मोहरी तडतडली. हळद टाक.

शारदा : किती टाकू, आत्या?

सरस्वतीबाई : रोजच्या जेवणाला टाकतीस तेवढीच.