दातारसाहेबांना कोणी अडवलं नाही

वहिनी, आणि इथं जमलेले सगळे,

मला बोलायची सवय नाही. इथं आखातात आपली माणसं जमतात त्या अल नस्रच्या या हॉलमध्ये मागे बसायचं आणि नमस्कार करून निघायचं, असं ठरवून आलो होतो. पण आधीची भाषणं ऐकली आणि राहवलं नाही.

साहेबांची शिस्त. साहेबांचं मोठ्यांचा मान ठेवणं. तिघं बोलले, तिघंही हेच बोलले. खरंच आहे ते. पण एकजण असंही म्हणाले की शेवटच्या दिवशी एका कोरियन पोरीने भर मीटिंगमध्ये साहेबांचा अपमान केला, या पिढीला मान कशाशी खातात ते माहीत नाही. हे ऐकून मला वैताग आला. शोकसभेत वैतागू नये, कळतं मला. पण त्या मीटिंगमध्ये मी होतो. बोलणारे नव्हते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची कंपनी कोरियन. साहेब तिथं सतरा वर्षं होते, मी त्यांच्या हाताखाली अकरा. त्यांचे पहिले वरिष्ठ पार्कसाहेब जुन्या वळणाचे. कागद दोन्ही हातांनी द्यायचा. ते बसल्याशिवाय बसायचं नाही, ते निघाल्याशिवाय निघायचं नाही. मोठ्यांना चारचौघांत चूक म्हणायचं नाही. ही कन्फ्यूशियसची शिकवण, असं ते सांगायचे. दातारसाहेबांना ते इतकं पटलं की ते कोरियन लोकांपेक्षा जास्त कोरियन झाले. मी रुजू झालो तेव्हा कामाचं काही सांगायच्या आधी त्यांनी मला कागद कसा द्यायचा ते शिकवलं. वहिनी, तुम्ही हसताय. घरीही असंच असणार.

पुढे पार्कसाहेब निवृत्त झाले, आणि तिकडे कोरियातच सगळं बदललं. हेड ऑफिसने पदं काढून टाकली. सगळ्यांना नावानेच हाक मारायची आणि पुढे 'निम' लावायचं, म्हणजे आपलं 'जी'. अगदी डायरेक्टरलासुद्धा. इथल्या आमच्या मुशैरिबच्या ऑफिसात मिनजी आली, एकोणतीस वर्षांची इंजिनिअर. पहिल्याच दिवशी म्हणाली, "गुड मॉर्निंग, दिलीप-निम." साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, यांना यांचंच काही राहिलं नाही, आता आपणच सांभाळायचं.

एकदा त्यांनी तिलाही हे तोंडावर सांगितलं. ती चिडली नाही. म्हणाली, माझी आई जन्मभर सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवली, तेही याच शिकवणीच्या नावाखाली. मला ते नको. आणि मग म्हणाली, "पण वडील चुकत असतील तर मुलाने गप्प बसू नये, हेही त्याच शिकवणीत आहे. तुमच्या पार्कसाहेबांनी नेमकं तेवढंच गाळलं?"

साहेब म्हणाले, मला उशीर होतोय.

तीन आठवड्यांपूर्वीचा गुरुवार. सकाळची मीटिंग. एसी चालू, आणि साहेबांना घाम फुटलेला. डावा हात चोळत होते. म्हणाले, उपमा जरा जास्त झाला. आम्ही आठजण होतो. आठहीजणांनी माना डोलावल्या. अर्धा तास आम्ही तो उपमा मान्य करून बसलो होतो. मग मिनजी साइटवरून आली. दारातूनच तिने साहेबांना पाहिलं आणि म्हणाली, मीटिंग थांबवा, यांना हॉस्पिटलमध्ये न्या. साहेब म्हणाले, खाली बस. ती बसली नाही. तिचा आवाज चढला. हाच तो अपमान.

साहेब माझ्याकडे वळले. "सतीश, तू सांग हिला. मी ठीक आहे ना?"

मी म्हणालो, "हो सर."

मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. आठहीजणांना दिसत होतं. मिनजीने बाहेर जाऊन अँब्युलन्स बोलावली. ती पोचायच्या आत साहेब खुर्चीतून घसरले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर.

वहिनी, तुम्ही मला फोनवर विचारलं होतं, त्यांना आधी काही त्रास होत होता का रे? मी म्हणालो, नाही वहिनी, अचानकच झालं. ते खोटं होतं. तुम्ही साहेबांचं दिवसकार्य आटोपून नाशिकहून परत आलात की सांगू, असं म्हणत राहिलो. आज सांगतोय, तेही सगळ्यांसमोर, कारण एकट्याने सांगायची हिंमत झाली नसती.

कोणावर चिडू? साहेबांवर चिडतो. इतक्या हुशार माणसाने स्वतःच्या छातीपेक्षा खुर्चीचं जास्त ऐकावं? पार्कसाहेबांवर चिडतो. पण खरं सांगू का? हे शिकायला आपल्याला कोरियाची गरजच नव्हती. आपल्या प्रत्येकाच्या घरात हेच चालतं. म्हणून तर साहेबांना ते इतकं पटलं. आणि त्या कोरियन पोरीने त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते आपल्याआधी ठरवलं.

मिनजी आज आली आहे. मागच्या रांगेत, दाराजवळ बसली आहे. तिला मराठी कळत नाही, पण लोक तिच्याकडे कसे बघतात ते कळतं. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची आपली पद्धत आहे. राहू या. पण त्याआधी, वहिनी, तुमची हरकत नसेल तर तिला पुढे बोलवा. तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.

साहेब, तुम्ही ठीक नव्हता. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. नमस्कार करतो.